तांदळातलं नाव

३ जून
पासपोर्टचा अर्ज अडला. शाळेच्या दाखल्यावर यमुना, आधारवर मीनल. काउंटरवरचा म्हणे, "मॅडम, नाव बदलल्याचा पुरावा?" म्हटलं, लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, तेवढाच. म्हणतो, मग ते आणा. त्याचा भात होऊन जमाना झाला.
लेकीचं, अदितीचं, बाळंतपण दिवाळीत, तिकडे जर्मनीत. तोवर पासपोर्ट हवाच.

५ जून
हे म्हणाले, सोपं आहे, यमुनाची मीनल झाली असं राजपत्रात छापून घे. बँक, आधार, मतदान, सगळीकडे मीनलच. खरंय. पण मग यमुना कायद्यानेच संपली. आजवर निदान दाखल्यावर तरी होती.
मीनल हे नाव सासूबाईंनी कुठल्याशा मासिकातून काढलेलं. यमुना म्हणे जुनाट. माझ्या वडिलांनी, अण्णांनी हौसेने ठेवलेलं. मला कुणी विचारलं नाही, मीही मान खाली घालून बसले.
उलटं करणार. मीनलची यमुना.

६ जून
जेवताना ह्यांचं एकच वाक्य, "इतकी वर्षं चाललं ना?" चाललं नाही, मी चालवून घेतलं. तसं तोंडावर सांगितलं.
अदितीचा फोन. "आई, आधारपासून सगळं बदलत बसलीस आणि वेळेत झालं नाही तर?" तर तुझ्या सासूबाई आहेत, म्हटलं. फोन ठेवल्यावर रडू आलं. पण माघार नाही.

२१ जुलै
राजपत्र झालं, आधारही झालं. आज पासपोर्ट ऑफिसात "यमुना" म्हणून दोनदा पुकारलं, मी आपली ढिम्म बसून. तिसऱ्यांदा उठले. स्वतःचीच चीड आली.

९ ऑगस्ट
भाजीला गेले होते, तेवढ्यात पोलीस चौकशीला येऊन गेले. दार ह्यांनी उघडलं. "यमुनाबाई इथेच राहतात का?" तर हे म्हणाले, "नाही, इथे मीनल राहते." ते गेले लिहून घेऊन.
"सवयीने गेलं गं तोंडातून." सवय. कमाल आहे या माणसाची. पोळ्या एकाच माणसाच्या केल्या, माझ्या.

१२ ऑगस्ट
चौकीत जाऊन सगळं सांगितलं. उद्या सकाळी पोलीस परत येणार. शेजारच्यांची साक्ष लागेल म्हणून वरच्या जोशीकाकूंकडे गेले. ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाल्या, "अहो, माझंही खरं नाव कुसुम." एवढी वर्षं वर-खाली राहतोय, आज कळलं. दोघी हसत सुटलो. साक्षीला येणार आहेत.
दारावर कागद चिकटवलाय, ठळक अक्षरात, यमुना. ह्यांनी चष्मा लावून वाचला. काढला मात्र नाही.
उद्या बेल वाजली की मी स्वयंपाकघरातून हलणार नाही. दार ह्यांनीच उघडायचं. नावही ह्यांनीच सांगायचं.