जिथे थांबलात तिथून

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

नोकरी लागली! म्हणजे लागली होती शनिवारीच, पण टेबल-खुर्ची मिळेपर्यंत मी ती खरी मानत नव्हते. आज चिखलीहून दादाबरोबर कंपनीच्या बसने निघाले. मोशीला अर्धा तास ट्रॅफिकमध्ये अडकलो. तेवढ्यात दादाने सगळ्या बसला सांगून टाकलं की ही माझी धाकटी बहीण साक्षी, आजपासून सेफ्टी ऑफिसात, हिला कुणी त्रास द्यायचा नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आतून बरंही वाटलं.

चाकणची ही कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढते. एकूण नऊ पॉवर प्रेस. दादा, म्हणजे नागसेन, नऊ नंबरवर ऑपरेटर आहे. माझं ऑफिस वर काचेमागे, तिथून अख्खी लाइन दिसते. प्रेसचा वरचा जड ठोकळा, रॅम, खालच्या साच्यावर, म्हणजे डायवर, बसला की टेबलावरच्या चहात बारीक बारीक गोल उठतात. मी बराच वेळ तेच बघत बसले होते.

सांगवीच्या डीटीपीच्या दुकानात चार वर्षं लग्नपत्रिका आणि प्रबंध टाइप केल्यावर इथलं काम म्हणजे चैन आहे. एकच फाइल, सहाशे चौदा पानांची. कंपनीचं सुरक्षा दप्तर. आधी नियम, मग तपासण्या, शेवटी अपघातांचे अहवाल. चोवीस तारखेला ग्राहकाचं ऑडिट आहे, तोवर ती स्वच्छ करायची. एवढ्या फाइलीत माणूस हरवेल, पण वर्डमध्ये ती उघडली की उजव्या कडेला एक छोटी चिठ्ठी येते, 'पुन्हा स्वागत, जिथे थांबलात तिथून सुरू करा'. तिच्यावर टिचकी मारली की आपण सोडलेल्या ओळीवर हजर. चिठ्ठी नाही आली तर शिफ्ट आणि एफ-पाच. आमचे मॅनेजर ज्ञानेश सर सहा वर्षं माउसचं चाक फिरवत पानं शोधत होते! मी दाखवलं तर लहान मुलासारखे खूश झाले. पहिल्याच दिवशी माझा भाव वधारला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज अहवाल चाळले. नऊ वर्षांत एकोणीस अपघात आणि एकोणीसही ठिकाणी कारण एकच, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. इथली रीतच आहे. जुना अहवाल उचलायचा, खाली चिकटवायचा, नाव, तारीख, प्रेस आणि अवयव बदलायचा. माझ्या आधी हे काम करणारा ज्योतीराम तर एक प्रत आगाऊच तयार ठेवायचा. पान पाचशे अठ्ठ्याण्णववर ती अजून आहे. नाव रिकामं, तारीख रिकामी, कारण मात्र भरलेलं. ज्ञानेश सर म्हणाले, अपघात काही सांगून होत नाही, पण अहवाल तासाभरात वर जावा लागतो.

बसमध्ये दादाला विचारलं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच तो खाली येतो, म्हणजे हात आत राहूच नये. तर म्हणे एक बटण सगळेच टेप लावून दाबून ठेवतात आणि टेप सुपरवायझरच आणून देतो. मी नियम म्हणून दाखवायला लागले तेव्हा तो म्हणाला, ‘‘तासाला चारशे नग तुझी फाइल काढायलीय का गं?’’ सगळी बस हसली. मीही हसले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काल पान सत्त्याऐंशीवर थांबले होते, हे पक्कं आठवतंय. सकाळी चिठ्ठीवर टिचकी मारली तर फाइल पाचशे अठ्ठ्याण्णववर जाऊन उभी राहिली. ती तयार प्रत आता भरलेली होती. प्रेस क्रमांक चार, नाव दत्तोबा, आणि खाली ‘रॅम खाली येताना कामगाराच्या उजव्या हाताची चार बोटे’. पुढे नुसता कर्सर लुकलुकत होता. वाटलं, ज्योतीरामने कुठला तरी जुना अहवाल अर्धवट टाकला असेल. मला अर्धं वाक्य बघवत नाही. ‘तुटली’ लिहिलं, पूर्णविराम दिला आणि सेव्ह केलं.

अकरा वीसला सगळे प्रेस एकदम बंद पडले. खाली पाहिलं तर चार नंबरसमोर एक पन्नाशीचे मावळातले गृहस्थ डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभे होते. हातमोजा पोळीसारखा सपाट झाला होता आणि रक्त त्यांच्या बुटात उतरत होतं. ते ओरडत नव्हते. जो तो धावत येईल त्याला विचारत होते, ‘‘माझी बोटं कुठं हायत? बगा की कुनीतरी.’’ दोन बोटं स्क्रॅपच्या पेटीत सापडली. दोन डायला चिकटली होती, ती पट्टीने खरवडून काढावी लागली. ते दत्तोबा होते.

ज्ञानेश सर धापा टाकत वर आले, अहवाल काढ म्हणाले. स्क्रीनवर तो तयार बघून म्हणाले, झालासुद्धा? शाबास. 

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गुरुवारची साप्ताहिक सुट्टी. दादाबरोबर हॉस्पिटलात गेले. दत्तोबा मलाच धीर देत होते. म्हणाले, ‘‘कंपनीला बोल लावू नगा, घाई माझीच झाली. माझीच चुकी व्हती.’’ फाइलीत लिहिलंय तेच. मला तिथे उभं राहवेना.

येताना दादाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, टेप लावलेल्या प्रेसवर कुणाचा ना कुणाचा हात जाणारच, तुझ्या एका शब्दाने काय होतंय? बरोबर आहे त्याचं. मग तू कशाला उभा राहतोस तिथे, असं विचारलं, तर तो बसस्टॉपकडे झपझप चालू लागला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पुन्हा तेच पान. दत्तोबांच्या अहवालाखाली नवी प्रत. मी केलेली नाही. ‘प्रेस क्रमांक दोन, नवनाथ, डावा हात मनगटापासून’. पुढे कर्सर. काचेतून पाहिलं, दोन नंबरवर नवनाथ मान डोलवत गाणं म्हणत काम करत होता. मी अख्खी प्रत पुसली. दिवसभर त्याच्या हाताकडे बघत बसले. संध्याकाळी तो दोन्ही हातांनी डबा घासताना दिसला आणि मला रडूच आलं.

त्या भरात दत्तोबांच्या अहवालातलं कारणही बदललं. ‘सुपरवायझरने दिलेली टेप बटणाला लावणे’ असं खरं ते लिहिलं. ज्ञानेश सरांनी वाचलं, दार लावलं आणि मला झापलं. म्हणाले, नोकरी तुझ्या भावाचीसुद्धा आहे, विसरू नकोस. मग माझ्या खांद्यावरून वाकून स्वतःच्या हाताने ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ टाइप केलं. एका बोटाने, एकेक अक्षर. मला त्यांचा भयंकर संताप आला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

‘प्रेस क्रमांक नऊ. नाव : नागसेन. डाय आणि रॅमच्या मध्ये छातीपासून वर’

एवढंच. मी कशालाही हात लावलेला नाही.

ज्योतीरामचा नंबर मिळवला. पुनावळ्याला असतो. भडाभडा बोलला. म्हणाला, वाक्य पूर्ण केलं की होतं. आणि पुसू नको. पुसलं की पुसणाऱ्याच्या घरचं नाव येतं, मी एकदा पुसलं होतं. कुणाचं नाव आलं ते त्याने सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, ‘‘ताई, इथं जे लिहू तेच खरं धरतात. एकोणीस वेळा मीच लिहिलं. आता फाइलला तीच सवय लागलीय.’’

मी नवनाथची प्रत पुसली होती.

रविवार, ९ फेब्रुवारी

दादाच्या पाया पडले. उद्यापासून जाऊ नकोस. तो म्हणाला, ऑडिटच्या तोंडावर सुट्टी मागितली तर सरळ घरी बसवतील, आणि तू असं रडायला लागलीस तर मीच तुला घरी बसवेन. शेवटी चिडला. रात्री न जेवता झोपला.

फाइलीत एक शब्द वाढलाय. ‘छातीपासून वर चिरडून’. तो माझा नाही. आता एकच शब्द उरलाय. फाइल उघडली की बोटं आपोआप कीबोर्डवर जातात. मी हात मांडीखाली घेऊन बसते.

सोमवार, १० फेब्रुवारी

मी पुसलं नाही. फक्त नाव बदललं.

‘नागसेन’च्या जागी ‘ज्ञानेश’ लिहिलं. आणि शेवटचा शब्द. आणि पूर्णविराम. मुद्दाम. शुद्धीवर असताना. हे कुणापासून लपवायचं नाही म्हणून इथे लिहिते.

साडेतीनला सर ऑडिटची तालीम घ्यायला खाली उतरले. ऑपरेटरना बाजूला केलं. हात आत असला की प्रेस थांबवणारा, पण बंद पडलेला सेन्सर चालू कसा दाखवायचा ते सांगायला नऊ नंबरच्या आत वाकले. बटणाला टेप तशीच होती. दुसऱ्या बटणाला त्यांचंच कोपर लागलं.

रॅम वर गेला तेव्हा त्यांचे पाय उभेच होते. वरचं सगळं पत्र्यात – कॉलर, चष्मा, दात, पत्र्यात दाबून बसलेलं – आणि दादा शेजारी उभा, त्याच्या तोंडावर, केसांत, उघड्या तोंडातसुद्धा – तो थुंकत होता आणि रडत होता.

दादाचं तोंड मी पुसलं. माझ्या ओढणीने. मला वाईट वाटलं नाही. तो जिवंत आहे, एवढंच वाटत होतं.

अहवाल तयारच होता. कारणासह.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दादाने स्वतःहून राजीनामा दिला. मीही दिला. आता प्रेस नाही, फाइल नाही. दोघं घरी. परभणीला आईकडे जायचं ठरलंय, शुक्रवारची गाडी आहे.

आज पहिल्यांदा दोघं पोटभर जेवलो.

ही वही कपाटातून काढली. नीट आजचं पान उघडायचं तर दोन पानं पुढचं उघडलं. माझ्याच अक्षरात – मी लिहिलेलं नाही –

‘जागा : राहते घर. नाव : नागसेन.’

बुधवार, १२ फेब्रुवारी

वही जाळायला घेतली. ओट्यावर काडी पेटवली आणि आठवलं. पुसलं तर घरचं नाव येतं. नागसेन काढून ज्ञानेश लिहिलं, तेही पुसणंच होतं. आता घरात दुसरं कोण आहे? गावाकडे आई आहे.

जाळायची नाही. पुसायची नाही. नाव बदलायचं – कुणाचं? खालच्या घरमालकाचं? त्यांना दोन मुलं आहेत. नाही. एकदा केलंय. आता नाही.

नुसतं अर्धं ठेवायचं.

दुपारी डोळा लागला. जागी झाले तर पेन हातात. ‘राहत्या घरी नागसेनचे डोके’ – इथपर्यंत लिहून झालेलं. पेन पुढच्या शब्दावर टेकलेलं. शाई ओली. मी हात मागे ओढते आणि तो

तो माझं ऐकत नाही

दादा आंघोळीला गेलाय. वरवंटा काढलाय. उजवा हात पाट्यावर ठेवणार –

बुधवार. डाव्या हाताने.

तीन घाव. पहिल्या दोनात मोडलं नाही. तिसऱ्याला हाडाचा आवाज आला. बोटं आता कुठलीच वळत नाहीत. दादा दार ठोकतोय. बरं वाटतंय. आता हा हात लिहिणार नाही

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मी नागसेन लिहायलोय. साक्षीचा भाऊ.

डॉक्टरांनी काल तिच्या हाताचं ऑपरेशन केलं. तीन बोटं वाचली. तिला झोपेचं औषध चालू आहे, मी कपडे न्यायला घरी आलोय. शुद्धीवर आली की एकच विचारते, वही कुठं आहे, वही कुणी उघडली का. काल नर्सच्या अंगावर धावून गेली. माझी बहीण अशी नव्हती. सरांचं ते तसं झालेलं बघून तिच्या मनावर आघात झालाय. माझ्याही झालाय, पण मी मोठा आहे.

मागची पानं वाचली नाहीत. तिची खासगी वही आहे. शेवटचं पान शोधताना एका ओळीवर मात्र नजर गेली. तिथं माझंच नाव आणि वाक्य अर्धं सोडलेलं. वेडी आहे. तेच अर्धं राहिलं म्हणून जीव कासावीस होत असेल तिचा. तिचा हात आता लवकर चालायचा नाही. मी चांगलं काहीतरी लिहून पूर्ण करतो, संध्याकाळी तिला वाचून दाखवतो. तेवढीच हसेल.

राहत्या घरी नागसेनचे डोके फु

हे नाही. मला ‘शांत आहे’ असं लिहायचं होतं. खोडून पुन्हा लि