टकटक मिसबद्दल ना हरकत

गुरुवार, ४ डिसेंबर २०२५. सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नेमक्या या वेळी, भर सहावीच्या वर्गात, माझ्या हातातून पुस्तक काढून घेण्यात आलं. घेणारी मुख्याध्यापिका नाजमीन, वयाने माझ्या लेकीएवढी. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनीसुद्धा माझ्या हातातून कधी काही ओढलं नाही.

हा वाचनाचा तास मी फुकट घेते. दर गुरुवारी धुळ्याहून बसने या खेड्यात येते. पुस्तक 'टकटक मिस'. लेखक पुनीत, माझाच जुना विद्यार्थी. आता जळगावला राहून मुलांसाठी विनोदी लिहितो. पुस्तकातली मिस अंगठी टेबलावर आपटून वर्ग गप्प करते, वास घेऊन डब्यातली भाजी ओळखते, कंडक्टरला 'प्लीज' म्हणायला लावते. मुलं हसून बाकांवर लोळतात.

नाजमीन म्हणाली, मॅडम, कुणाच्या तरी भावना दुखावतील. मी विचारलं, कुणाच्या? तिने पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

संध्याकाळी.

कळलं. ज्योत्स्ना! कॉन्व्हेंटमध्ये माझ्या शेजारच्या वर्गावर होती. अंगठी घालायची. टकटक मिस म्हणजे हुबेहूब ती, मी पहिल्या पानावरच ओळखलं होतं. तिच्या भावनांपायी माझा तास बंद?

गुरुवार काढला तर माझ्या आठवड्यात उरतं काय? गॅसवाला. तोही येईलच असं नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर.

ठरवलं. आवाज चढवायचा नाही. ज्योत्स्नाकडून लेखी 'ना हरकत' आणायची. मग नाजमीनने पंख्याकडे खुशाल बघत बसावं.

गुडघा दुखतो आहे. तरी जाणार.

रविवार, ७ डिसेंबर.

ज्योत्स्नाकडे जळगावला जाऊन आले. पारोळ्याला कंडक्टर खेकसला, ओ अक्का, सरका पुढे! मी म्हटलं, प्लीज म्हण. म्हणेना. मी हलेना. दारात चढणारे खोळंबले. शेवटी म्हणाला. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लोकांना चांगल्या सवयींची किती भूक आहे!

ज्योत्स्नाने दार उघडताच मी म्हटलं, वांग्याचं भरीत, आणि तेल जास्त. ती म्हणाली, बाई गं, तू अगदी तश्शीच आहेस!

पुस्तक हातात दिलं. मन घट्ट कर म्हटलं. ती वाचत गेली, हसत गेली, चष्मा काढून डोळे पुसत गेली. काही माणसं दुःख असं लपवतात. मी पाठीवरून हात फिरवला. तर विचारते, अगं, पण यात मी कुठे आहे? बिचारी. माणूस स्वतःला कसा ओळखत नाही, नवल वाटतं.

सही मात्र झटक्यात केली. वर आपणहून लिहिलं, 'अत्यंत आनंदाने'.

भरीत बांधून दिलं. तेल जास्तच होतं.

गुरुवार, ११ डिसेंबर.

कागद नाजमीनपुढे ठेवला. वाचायला फार वेळ लावत होती म्हणून अंगठीने टेबल जरा वाजवलं. ती अंगठीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, मॅडम, ना हरकत दुसऱ्या व्यक्तीची हवी होती. कुणाची? म्हणाली, माझी अम्मीपण अशीच आहे, मला सांगवत नाही हो.

मी तडक सहावीत गेले. विचारलं, टकटक मिस कोण? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, तुम्ही!

पहिल्या बाकावरची ऋतिका म्हणाली, "मिस, बठ्ठं पुस्तक तुमनंच शे. म्हनीसन तं मजा येस." तिची मैत्रीण म्हणाली, हो, सगळं तुमचंच. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही स्वतःचीच नक्कल किती भारी करता!

मुलांना निरीक्षणाची सवय राहिलेली नाही. मोबाइल. दुसरं काय.

बसमध्ये कंडक्टरला काही बोलले नाही. थकवा होता.

शुक्रवार, १२ डिसेंबर.

पुनीतला फोन केला. मिस, तुम्ही वाचलंत? केव्हाचा भीत होतो मी, म्हणाला. मी सरळ विचारलं, ती ज्योत्स्नाच ना? मग म्हणाला, मिस, ज्योत्स्ना मिस आम्हाला कधी शिकवायलाच नव्हत्या.

लाइन खराब असावी. ठेवून दिला.

शनिवार, १३ डिसेंबर.

नाजमीनने मोबाइलवर मजकूर पाठवला आहे. 'सदर पुस्तकातील पात्र माझ्यावर बेतलेले असून वर्गात वाचण्यास माझी हरकत नाही.' खाली माझं नाव. सही केली की गुरुवारपासून तास सुरू. पुढे तिने लिहिलं आहे, मुलं रोज विचारतात, मिस कधी येणार?

कागदावर उतरवून घेतलं. पेन उघडलं. पुन्हा बंद केलं.

दुपारी पुनीतला स्पीड पोस्टाने पत्र टाकलं. त्याची नक्कल येथे ठेवते.

'टकटक मिस म्हणजे मी नव्हे, एवढं एक वाक्य स्वतःच्या सहीनिशी पाठवावं. फोन चालणार नाही. माफी नको, स्तुती तर नकोच. बुधवार, १७ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. न पडल्यास गुरुवारी मला सही करावी लागेल.'