फळीवर कोणते वीर ठेवावेत

अप्पा, आज सकाळी सोलापूरचा पुस्तकवाला एजंट येऊन गेला, आणि मी बरोबर केलं की चूक, ते मला अजून कळत नाही. आपलं दुकान गाणगापुरात त्याच बोळात आहे. पुढे पोथ्या, दत्ताच्या तसबिरी, भस्माच्या पुड्या. आणि आत, तुमच्या हाताने ठोकलेल्या फळीवर, वीरांच्या गोष्टींची चित्रांची पुस्तकं. तुम्ही गेलात तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. तेव्हापासून दुकान काका बघतात, आणि मोठा झाल्यावर फळी तेवढी माझ्याकडे आली. गेल्या जत्रेला मी निवडलेले वीर फारसे खपले नाहीत, त्यांच्या कडा पिवळ्या पडल्या. काका म्हणाले, "ह्या खेपेला बी तसंच झालं तर फळी बांगड्यांना दे. लोक देवाला येतात, मारामाऱ्या वाचायला न्हाईत." ते रागावून बोलले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली.

एजंट येतो तेव्हा पुस्तकं छापलेलीसुद्धा नसतात. तो नुसती मुखपृष्ठं आणतो, त्यांवरून आपण मागणी द्यायची, आणि एकदा दिलेली मागणी फिरत नाही. तुम्ही ती मुखपृष्ठं घरी आणायचात. मला ते अजून दिसतं: आई भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीसमोर कागद पसरून बसला आहात, आणि आई म्हणते, "उचला ते राक्षस, पिठात यायलेत." मी एका वीरावर बोट ठेवतो. त्याच्या सगळ्या हातांत हत्यारं आहेत, पाठीमागे वीज चमकते आहे. तुम्ही माझं बोट बाजूला करता. "ह्याच्याजवळ समदं हाय. ह्याला भ्याव कशाचं? आन ज्याला भ्याव न्हाई, त्याची काळजी आपण कामून करायची?" मग दुसऱ्या दिवशी एजंटाला तुम्ही प्रत्येक चित्रामागे एकच प्रश्न विचारायचात, "ह्यो पडतो का कुठं?" गोष्टीत कुठे हरून पडत असेल तर मागवायचं, नसेल तर नाही. तुमची फळी जत्रा संपायच्या आत रिकामी व्हायची. मला वाटायचं, यापेक्षा सोपं काही नसेल.

आज मी तोच प्रश्न विचारला. एजंट आता म्हातारा झाला आहे, तुमचं नाव निघालं की अजून पागोट्याला हात लावतो. तो हसला. "धाकटे मालक, सगळेच पडतात. तुमच्या अप्पांचा हा प्रश्न मी अक्कलकोटला सांगितला, तुळजापूरला सांगितला. आता जो तो दुकानदार हेच विचारतो. छापखान्याच्या मालकांनी लिहिणाऱ्याला बजावूनच ठेवलंय, तिसऱ्या प्रकरणात वीर पाडायचा म्हणजे पाडायचा." मला क्षणभर अभिमान वाटला. मग लक्षात आलं की माझ्याजवळ विचारायला दुसरं काहीच नाही.

चार मुखपृष्ठं होती. नदीचा पूर छातीने अडवणारा पैलवान; सापांची भाषा कळणारी एक राजकन्या; तोंड झाकून दुष्ट राजाशी लढणारा घोडेस्वार; आणि पाठीला पंख बांधून उडणारा एक धोतरवाला. घोडेस्वार मला आवडला होता, पण एजंट हळूच म्हणाला, "संस्थानाच्या नाक्यावर पेटी उघडून बघायलेत. दुष्ट राजा म्हणजे कोण, असं दरोगा विचारतो. मी काय सांगू?" तो कागद मी उलटा ठेवला. राजकन्येचं पुस्तक बायका मागतील की नाही, ते ठरेना. पैलवान बरा वाटला, पण गेल्या जत्रेलाही पैलवानच पडून राहिला होता. मी चित्रं उजवीकडून डावीकडे लावली, मग डावीकडून उजवीकडे. एजंट म्हणाला, "फिरवून त्यांच्यात फरक पडायचा नाही, मालक. माझी गाडी मात्र जाईल."

तेवढ्यात माधुकरीची वेळ झाली. दुपारी दत्त महाराज कोणाच्याही रूपाने भिक्षेला येतात, म्हणून आपल्या गावात त्या वेळी कोणाला परत पाठवत नाहीत. तुम्हीही एकदा असेच अडला होतात, तेव्हा दारी आलेल्या गोसाव्यापुढे तुम्ही चित्रं धरली होती, आणि त्याने बोट ठेवलेलं पुस्तक सगळ्यांच्या आधी संपलं होतं. आज एक म्हातारी झोळी घेऊन उभी राहिली. मी भाकरी घातली आणि तीन चित्रं तिच्यापुढे धरली. "माय, ह्यातलं कोणतं?" तिने नीट बघितलं, एकेक करून. मग म्हणाली, "चित्रं असू दे, बाबा. भाकरीसंगं मीठ हाय का?" मी मीठ दिलं, कांदाही दिला. एजंट पेन्सिल काढून म्हणाला, "देवानं मीठ मागितलं. मागणीत मीठ लिहू का?"

मी पंखवाला लिहायला सांगितला. फळी भरेल इतका, एकटा तोच. एजंट गेल्यावर काका देवळातून आले आणि त्यांनी विचारलं, "एकच? कामून?" मी म्हणालो, चित्राला रंग जास्त आहेत, पोरं ओढली जातील. काका म्हणाले, "बघू," आणि तसबिरी पुसायला लागले.

रंगांचं ते खरं नव्हतं. बाकीचे सगळे वीर समोर, गिऱ्हाइकाकडे बघतात. हा एकटा उडता उडता खाली बघतो आहे, आणि धोतराचा सोगा त्याने मुठीत घट्ट धरला आहे. चितारणाऱ्याने मुद्दाम तसं काढलं की त्याचा हात चुकला, मला सांगता येत नाही. तुम्ही काय म्हणाला असता, तेही आठवून पाहिलं. तुमचा आवाज येतो, शब्द येत नाहीत.

कागद वाया घालवायचा नाही ही तुमचीच शिस्त, म्हणून हे ज्यावर लिहितो आहे, त्या कागदाचे उद्या सकाळी तुकडे करून भस्माच्या पुड्या बांधीन. कोणाच्या गावाला कोणता तुकडा जाईल कोण जाणे. एक तेवढं राहिलं, अप्पा. पंखवाला पडतो का, हे मी एजंटाला विचारलंच नाही. तो पडू नये असं मला वाटतं.