जाईच्या चौकाची भिंत

सानपाडा गाव,
ता. ११ फेब्रुवारी

बाळाबायला सखूचा पाया पडून नमस्कार. इथं आमी समदी बरी हाव. तिकडं द्रोनागिरीला तू, भावजी, तुझी लेक नमिता नि नातवंडं बरी असशीला.

परवा पयली आली ती केतनची आत्या. दहाची येळ दिलेली, ही साडेआठला दारात. मी अजून आंघोळ नव्हती केली. बाईनं चपला काढल्या नि सरळ सैपाकघरात. टोपावरचं झाकन उचलून म्हनते, "कोलबीत बटाटा घालता व्हय तुमी?" म्हटलं, घालतो, तुमच्या रबाळ्याला काय घालतात, दगड? ती हसली. बरी हाय, तोंडानंच तिखट हाय.

मागून केतन, त्याची आई क्रांती नि बाप मानसिंग. केतन म्हंजे आपल्या जाईचा होनारा नवरा. जाईचं ठरलं हे तुला माझ्या पोरानं, कुंदननं फोनवर सांगितलं. खरं म्हंजे ते आजीनं सांगायचं. मी तीनदा नंबर लावला. तू "हॅलो" म्हनलीस का मी आपली तुझ्या गुडघ्याचंच विचारीत बसते. म्हनून आता कागद घेतलाय. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, समजून घे. कामाचं पत्र हाय नि काम मोठं हाय.

तर, क्रांती पानी प्यायला उठली नि फ्रीजसमोर उभीच राह्यली. फ्रीजवर माझी चित्रं चिकटवलीत जाईनं. हां, ते तुला ठाव नाय. मी चित्रं शिकते. हसू नको.

खाली भाड्यानं अरुना मॅडम राहते, शाळेत ड्रॉइंग शिकवायची, आता रिटायर. शनवारी पोरांना शिकवते. मी टाकीचं पानी कमी येतंय ते सांगायला गेले, तर म्हनली बसा आजी, नि हातात पेन्शील दिली. तेव्हापास्नं आठ म्हैने झाले. सात-आठ वर्सांची पोरं नि मधी मी, त्यांच्या बुटक्या खुर्चीवर. बसते ती आपली आपन, उठवायला दोघं लागतात. पयल्या दिवशी बोईट मासा काढला. शेजारची पोरगी म्हनली, आजी, ही चप्पल हाय का? मॅडमनं माझं रबर काढून घेतलं, म्हनली तुमी काढता कमी नि खोडता जास्ती. सावली दाखवायची तर माझी सगळी सावली काळीकुट्ट होते. पन बाय, काय सांगू, शनवार आला का मी सकाळपास्नं खूश. सत्तराव्या वर्साला कोन म्हनतं का, वा आजी? मला म्हनतात.

आता कोयता काढते, मिठागरात मीठ ओढायची फळी काढते, जाईचा झोपलेला चेहरा काढला. पक्षी तेवढा काढत नाय. मॅडम दोनदा बोलली, आज पक्षी. मी डोकं दुखतंय म्हनून वर निघून आले.

तर ती क्रांती चित्रं बघून म्हनते, "आजी, आमच्याकडं आता चौकाचं छापील स्टिकर आनून चिकटवतात भिंतीला. मला नाय आवडत. जाईच्या हळदीचा चौक तुमीच लिवा भिंतीवर, तांदळाच्या पिठानं, तुमच्या हातानं."

आपली रखमा चहा गाळत होती. ननंदच ती, गप कशी राहील. म्हनली, "वयनी कशी लिवनार? गोटीरामदादाला जाऊन तीस वर्सं होतील. चौकाला सवाशिनीचाच हात लागतो." क्रांती म्हनली, "माझी आई पन एकटीच हाय. माझी हळद तिनंच लावली. आमचं काय वाकडं झालं? यांचं पोट तेवढं सुटलं." मानसिंग पोटावर हात फिरवून हसला. रखमा नाय हसली.

मी तुझंच नाव काढलं. म्हटलं, चौक आमच्या घरात एकच बाई लिवायची, माझी मोठी जाऊ. तिच्यासारखा हात गावात नव्हता. सानपाड्यापास्नं तुर्भ्यापर्यंत लग्न असलं का तिला घेऊन जायचे. क्रांतीनं विचारलं, "मग आता का नाय लिवत?" रखमा म्हनली, "तिच्या हाताला गुन नाय राह्यला. स्वोताच्या पोरीचा चौक चुकवला तिनं."

मी ऐकून घेतलं, बाय. सत्तावीस वर्सं ऐकतेय तशीच. नि या वक्ताला मला लय दमल्यागत झालं. गुडघ्यातलं दमनं नाय ते. मंडळी जेवली, मी वाढलं, हसले पन. पन कोलबीची चव कळली नाय.

आता लिवते. जाई दोनदा डोकावून गेली, आजी किती लिवतेस म्हनून.

नमिताच्या हळदीला तांदूळ मी भिजवले, पीठ मी वाटलं. तेवढंच माझ्या हातचं चालायचं. तू गेरूवर चौक लिवलास, सकाळपास्नं दुपारपर्यंत, उपाशीपोटी. मग तुमी समद्या नारळ घेऊन देवळात गेल्या. मी मागं राह्यले, मला कोन नेनार. वाटीत पीठ उरलेलं, तुझी लिवायची काडी ओलीच होती. यांना जाऊन दोनच वर्सं झालेली. तुझा चौक एवढा चांगला दिसत होता का माझा हात राह्यला नाय. खाली डाव्या अंगाला मी एक बगळा काढला. खाडीत उभा असतो तसा, एका पायावर.

चौकात समदं जोडीनं असतं, हे मला काय ठाव नव्हतं? मी दुसरा काढनारच होते. तेवढ्यात बेंजो ऐकू आला, तुमी गल्लीत शिरलात. मी काडी टाकली नि चुलीशी जाऊन बसले.

तू आलीस, बघितलंस, नि म्हनलीस, "हा एकटा मी कदी काढला?" सगळ्या म्हनल्या, दमलीस, भान राह्यलं नसंल. मी चुलीत लाकूड सारलं.

नमिता चौदा म्हैन्यांत माहेरी परत आली. त्या मानसाची दारू समद्या गावाला ठाव, नि तरी तू म्हनलीस, मीच माझ्या हातानं पोरीला एकटी पाडली. काडी मोडून चुलीत घातलीस, माझ्यासमोर. तेव्हा तरी बोलायचं होतं. आज सांगते, उद्या सांगते, नि पोरांची बारशी गेली, किती लग्नं गेली, तू परत्येक घरात मागं बसायला लागलीस, जिथं मी बसायची तिथं. सवाशीन असून.

तुझा हात कदीच चुकला नाय, बाय. चुकला तो माझा. मी रखमालाही हे सांगनार हाय, पन पयलं तुला.

मला माफ कर असं लिवायला बसले नाय. तेवढं मागायचं तोंड नाय. पन तू ये. तूच लिव जाईचा चौक. मी पीठ वाटून देईन नि भायेर जाऊन बसंन. तुला वर चढवत नसंल तर पाट देईन, कुंदन धरंल. नि नाय आलीस तर मी पन लिवनार नाय. क्रांतीला सांगेन, काय झालं ते, तिच्या नवऱ्यासमोर, आत्यासमोर.

जाई पत्र हातात देईल. तिला आतलं ठाव नाय. वाचून झाल्यावर तिला सांगायचं का नाय ते तुझ्यावर.

भिंतीला गेरू देऊन ठेवलाय. मंडळी पुढच्या बुधवारी सकाळी चौक बघायला येनार म्हनून सांगून गेलीत.

जिनं तुझ्या हातावर आळ राहू दिला ती
सखू