गोळी आज, गुण परवा

बजरंगा, परभणीहून तुज्या अक्काचा लय लय आशीर्वाद.

मी बरी हाय, काळजी करू नको. दवाखान्यातली खाट मऊ हाय. निस्ता थकवा लय, बसल्या जागी डोळा लागायलाय.

चूक माजीच. रक्त पातळ करायची गोळी दोन दिस घेतली, तरी पायाची सूज तशीच. मंग तिसऱ्या दिसापासून दोन दोन घेतल्या. पाचव्या दिशी हिरड्यातलं रक्त थांबंना.

तुजी निकिता कॉलेजात असलीच गणितं शिकायलीय. तिनं कागदावर दोन रेघा काढल्या, एक गोळीची, एक गुणाची. म्हनली, "आत्या, गोळी आज पोटात जाती, गुण दोन-तीन दिसांनी येतो."

मी म्हनलं, "मंग कालव्याचं पाणी म्हन की! तुज्या बापानं बी पाणी येईना म्हनून दार अजून उघडलं. मागून सगळं आलं अन् ज्वारी बुडाली." पोरगी लय हसली.

आता गोळी बंद हाय, पर आधीचा गुण उतरायला बी दिस लागत्यात. म्हनून ऐतवारी न्यायला येऊ नको, आठ दिस थांब. तुज्या बायकोच्या, बायनाबाईच्या गुडघ्याला आराम हाय का?

डॉक्टर रागावले, "डबल गोळ्या कुणी दिल्या?" मी तुजं नाव सांगितलं. आलास की गप ऐकून घे.

तुजी दमलेली अक्का,
कडूबाई