सतरा नंबरचं बोट

२ फेब्रुवारी २०१४, हफ्र अल बातिन, सौदी अरेबिया

कातडीचा वरचा थर साधारण अठ्ठावीस दिवसांत पूर्ण बदलतो. मग लहानपणी दिघीच्या जेटीवर पडून माझ्या गुडघ्याला झालेला व्रण अजून तिथेच कसा? डॉ. सत्यजितनी आज पहिल्याच दिवशी हे विचारलं. ते हसून म्हणाले की उत्तर नंतर देऊ, आधी तुझ्या पिशवीला कसला वास येतोय ते सांग. अम्मीने दिलेले सोडे, सुकवलेली कोळंबी! मी लाजले. डॉक्टर सोलापूरचे, पण सोड्यातले अर्धे त्यांनी मागून घेतले.

त्वचारोगाचा दवाखाना छोटा आहे, स्वच्छ आहे. माझी खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून सपाट वाळू दिसते. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. दुसरी होईल उझमा, माझी धाकटी बहीण. तिचा नर्सिंगचा निकाल लागला की तिलाही इथे आणायचं, असं अब्बांना कबूल करून आले आहे.

३ फेब्रुवारी

हजेरीच्या मशीनवर बोट नोंदवलं. मॅनेजर कादिरभाई हैदराबादचे. सौदी मुलींची भरती पूर्ण झाल्याशिवाय बाहेरच्या नर्ससाठी नवा नंबर उघडत नाही, म्हणाले. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, येईपर्यंत सतरा नंबर वापरायचा, दमयंती नावाच्या आधीच्या नर्सचा. तिचं बोट पुसायचं तर रियाधला अर्ज करावा लागतो, म्हणून तिच्याच खाली माझंही घेतलं. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न, यल्ला, चल, असं म्हणून त्यांनी माझा अंगठा काचेवर दाबला. पडद्यावर आलं, दमयंती, हजर.

उझमाला कळवलं की तुझी तस्नीम आपा इथे दमयंती झाली. तिने हसऱ्या चेहऱ्यांची रांगच पाठवली.

७ फेब्रुवारी

शुक्रवार, सुट्टी. आठवडाभरात खूप शिकले. काळ्या मेंदीने दोन्ही हात फोडांनी भरलेली एक नवरी आली होती. वाळूतली माशी चावून दंडावर खोल जखम झालेली वाळवंटात तंबूत राहणारी एक बदू आजी आली, तिने मला जबरदस्तीने उंटिणीचं दूध पाजलं.

मी रीमला शिकवायचं, हेही माझं काम आहे. ती इथलीच, वीस वर्षांची, पुढे माझी जागा घेणार हे दोघींनाही माहीत आहे, तरी आमचं जमतं. माझं अरबी ऐकून ती पोट धरून हसते. डॉक्टरांची पद्धत मी तिला पाठ करून घेतली. डाग कुठे, केवढा, कड कशी, रंग कोणता, स्पर्श कळतो का. काच दाबून रंग जातो का बघायचं. पेनाने कडेभोवती वर्तुळ काढून तारीख घालायची, म्हणजे पसरला तर लपत नाही. आणि रोगाचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं.

उझमाची कागदपत्रं कादिरभाईंकडे दिली. इकामाचं विचारलं. लवकरच, म्हणाले.

११ फेब्रुवारी

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला हिरवट ठिपका. पेनाची शाई असेल म्हणून स्पिरिटने पुसला, गेला नाही. काच दाबली, रंग तसाच. खाज नाही, दुखत नाही. चार मिलिमीटर. वर्तुळ काढून तारीख घातली.

१५ फेब्रुवारी

ठिपका वर्तुळाबाहेर आला आहे. आता त्याला आकार आहे. चार रेघा, वर तीन पानं. तुळशीवृंदावन.

आमच्याकडे कुणी गोंदत नाही. अम्मीला कळलं तर ती महिनाभर बोलणार नाही.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि गोंदण निदान वीस वर्षांचं आहे, म्हणाले. लपवायचं काय त्यात, त्यांच्या आईच्या कपाळावरही होतं. मी तेवीस वर्षांची आहे, असं म्हटलं तर त्यांना ती थट्टा वाटली. मग पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बदलतो तो वरचा थर. व्रण आणि गोंदण खालच्या थरात असतात, तो काही सोडत नाही.

मग हे माझ्या खालच्या थरात कधी गेलं?

१८ फेब्रुवारी

गुडघ्यावरचा व्रण नाही. दोन्ही गुडघे पाहिले. कधी नव्हताच असा.

हातमोजे काढताना रीमने गोंदण पाहिलं आणि टाळी वाजवली. दमयंतीच्या हातावर अगदी हेच होतं, इथेच, तुम्ही हिंदी बायका सगळ्या एकाच ठिकाणी काढता का, म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिनेच माझी बाही खाली ओढली.

कादिरभाईंना विचारलं की दमयंतीताई कुठे गेल्या. आधी म्हणाले, घरी. मी हललेच नाही, तेव्हा त्यांनी टेबलाचा खण उघडून तिचा पासपोर्ट दाखवला. एके दिवशी सकाळी मशीनवर बोट उमटलं होतं, आठ वाजता, रोजच्यासारखं. बाई मात्र कुठे नव्हती. पोलिसांनी दोनदा विचारलं, नंतर कुणी नाही.

नंबर बदलून द्या म्हटलं. इकामा आल्यावर, म्हणाले.

२३ फेब्रुवारी

डोळे मिटून कापूस फिरवला. डावा हात कोपरापर्यंत, कळत नाही. टाचणी, कळत नाही. गरम पाण्याची नळी, कळत नाही. कुष्ठरोग असता तर बरं झालं असतं. त्याला औषध आहे.

हजेरीच्या कागदावर सतरा नंबर साडेदहाला हजर. साडेदहाला मी ड्रेसिंग करत होते, रीम समोर होती. रीम शपथेवर सांगते.

मशीनवर दोन बोटं. अंग एकच —

२६ फेब्रुवारी

उझमा पास झाली. घरी पेढे वाटले. तिने फोनवर विचारलं की आपा, तुझा आवाज असा का येतोय. अब्बांनी फोन घेतला आणि मला म्हणाले, कोण बोलतंय?

कादिरभाई खूश आहेत. रीम तयार झाली, आता माझं काम संपत आलं. पण उझमासाठी जागा आहे, नवा नंबर नको. सतरा आहेच. तिचं बोट त्यातच —

मी ओरडले. ते म्हणाले, दमयंतीबाई, शांत व्हा.

त्यांच्या लक्षातही आलं नाही.

१ मार्च

मागची पानं वाचली. अक्षर माझं नाही, तिरकं आहे, वळणदार.

दोन ओळी मी लिहिलेल्या नाहीत. आईला कळवा. तुळशीला पाणी —

आई नाही. अम्मी. अम्मी. अम्मी.

उजवा हात मनगटापर्यंत अजून माझा आहे. आरसा झाकला.

३ मार्च

अठ्ठावीस दिवस.

झालं. सकाळी मी रियाधचा अर्ज स्वतः भरला, कादिरभाईंच्या खणातून काढलेल्या शिक्क्याने, रीमच्या सहीने. रीम रडत होती. हा नंबर पुसला तर तुझंही बोट जाईल, तुझा इकामा नाही, दुसरीकडे कुठे तुझी नोंद नाही, असं ती तीनदा म्हणाली. मला माहीत होतं. दुपारी उत्तर आलं. सतरा नंबर खलास. दोघींची बोटं. उझमासाठी आता इथे जागाच नाही.

बरं वाटेल असं वाटलं होतं.

मघाशी रीम खोलीत आली. माझ्या आरपार पाहिलं. हाक मारली, तस्नीम. मी ओ दिली. तिने पलंगावरची चादर नीट केली, दार ओढून घेतलं.

टाचणी कुठेच कळत नाही. फक्त तीन बोटं, पेन धरलेली — दोन —

उझमा, तू येऊ न