तक्त्यावरचा तिसरा रंग

ता. ९ जुलै

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याची चौकशी शेवटी करतो, आधी माझं डोकं शांत होऊ दे. ‘प्रत्येक अर्जाचा निकाल सात दिवसांत’ हे मी स्वतःच्या हातानं भिंतीभिंतीवर रंगवलं होतं. त्यापायी कॉलेज सुटलं, तुझी बोलणी खाल्ली. सरकार आपलं आलं, मला मंत्र्यांच्या कचेरीत खुर्ची मिळाली. काम एकच, भिंतीवरचा तक्ता भरायचा. निकाल लागला की हिरवा, सात दिवस उलटले की लाल. दुसऱ्याच महिन्यात तक्ता हिरवागार! मंत्र्यांनी पाठ थोपटली.

आणि काल तिचं पत्र आलं. ती म्हणजे तीच, डोंगरातल्या दवाखान्यातली नर्स. (गाव तिला सिस्टर म्हणतं, मला तो शब्द उच्चारवत नाही.) इकडे बदलीचा तिचा अर्ज चार वेळा परत आलाय. फोटो लहान, मग शाई काळी, मग दाखला जुना. चौथ्यांदा तर फॉर्मच जुना, कारण नवा फॉर्म आमच्याच सरकारनं काढला! दर वेळी बरोबर सहाव्या दिवशी परत. माझ्या तक्त्यावर चारही हिरवे.

पत्राला जोडलेल्या चौथ्या नकारावरची सही म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदावर चाललीय. तुझ्याच कचेरीतला आहे हा ठोंब्या. नाव कळव, बघतोच त्याला. ती लिहिते की पाचवा अर्ज करणार नाही आणि माझी वाटही बघणार नाही. आत्या, मला जेवण जात नाही.

गुडघा कसा आहे? लोभ आहेच, तो फाइलीत अडकू देऊ नकोस.

तुझा,
फटाका


ता. १६ जुलै

चि. फटाक्यास, अ. उ. आ.

तो ठोंब्या मीच. तुझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं हीच मुंगी चालत होती, तेव्हा बरी ओळखीची होती.

आता ऐक. तिच्या जागी दुसरी नर्स मिळाल्याशिवाय तिला सोडता येत नाही, आणि नवी तुकडी शिकून बाहेर पडणार डिसेंबरात. म्हणजे सात दिवसांत मी हो म्हणू शकत नाही, नाहीही म्हणू शकत नाही. पूर्वी मी ‘थांबा’ लिहायची. आता थांबा म्हटलं की तुझा लाल रंग, लाल दिसला की साहेबांना नोटीस, आणि साहेब आमच्या डोक्यावर. मग सगळी शाखा चष्मे पुसून अर्जातल्या चुका शोधत बसते. पूर्वी अर्ज माझ्या कपाटात धूळ खायचा खरा, पण रांगेतला नंबर तरी टिकायचा. आता परत गेला की नंबर पुन्हा शेवटून. भिंत रंगवण्याआधी एखाद्या कारकुनाला विचारलं असतंस तर हात झडले नसते तुझे.

आणि फोन उचलायचा नाही. तुझ्या एका फोनवर ती उद्या सुटेल, पण परवा अडलेली बाई दवाखान्याच्या दारात येईल आणि तिला कुलूप दिसेल.

गुडघा माझ्यासारखाच आहे, कुरकुरतो पण काम करतो. वेळेवर जेव.

तुझी,
आत्या


ता. २४ जुलै

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधी फोन उचलावा असं शंभरदा वाटलं. आल्यावर मात्र उचललाच. मंत्र्यांच्या कचेरीतून बोलतोय, इथपर्यंत बोललोही. मग ते कुलूप डोळ्यांसमोर आलं. तिकडे किती वाजले, एवढं विचारून ठेवून दिला.

नंतर पिवळी पेन्सिल घेतली. चार दिवस कचेऱ्याकचेऱ्यांना विचारत बसलो की दोनदा परत गेलेले अर्ज किती. ते सगळे पिवळे केले. निम्म्याहून जास्त तक्ता पिवळा झाला! तसाच मंत्र्यांना दाखवला. स्वीय सहायक म्हणाला की कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यानं आम्हाला गणित शिकवू नये. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

निष्पत्ती अशी. सोमवारी सभागृहात हिरवाच तक्ता गेला. ‘थांबा, कारणासह’ हा पिवळा शेरा मंजूर झाला, पण फक्त तुमच्या जिल्ह्यात, प्रायोगिक तत्त्वावर. बाकी देशासाठी समिती. सात दिवसांचा नियम सगळ्यांना, समितीला मात्र मुदत नाही! आणि मला तक्त्यावरून काढून टपाल फोडायला बसवलंय. तिचं मात्र एकही पाकीट त्यात नसतं.

रागावू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझा,
फटाका (भिजलेला)


ता. ११ ऑगस्ट

चि. फटाक्यास, अ. उ. आ.

परवा ती स्वतः आली, दोन बस बदलून. मनाशी नको नको म्हणत पाचवा अर्ज भरला होताच. मी खरं ते लिहून दिलं: डिसेंबरची तुकडी आल्यावर, पहिल्या अर्जापासून धरून नंबर तिसरा, तोवर थांबा. तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, चार त्रुटींपेक्षा हे एक थांबा बरं, निदान कशासाठी थांबायचं ते तरी कळलं. मग विचारलं की हा पिवळा शेरा कोणाच्या डोक्यातून निघाला. सांगितलं, आणि त्यापायी तो आता पाकिटं फोडतोय हेही सांगितलं. तेव्हा कुठे हसली.

जाताना माझ्या टेबलावरची एक पिवळी चिठ्ठी मागून घेतली, भरली, आणि तुला पाठवायला सांगितली. सोबत जोडली आहे. कॉलेजचा फॉर्म मी आणून ठेवलाय, त्यावर ही मुंगी चालेल. माझ्या मायेला मुदत नाही, फॉर्मला आहे.

तुझी,
आत्या

(सोबत)
अर्जदार: तू.
विषय: लग्न.
शेरा: थांबा.
कारण: कॉलेजची दोन वर्षं अपुरी.
नंबर: पहिला. अर्ज परत करत नाही, माझ्याकडेच ठेवते.